सीपॅनेलचे ईमेल फिल्टर स्क्रिप्टने कसे लावायचे

सांगलीतल्या एका हळद पेढीचं डोमेन आणि मेल मी सांभाळते. यार्डात गादी, कुपवाडला पॉलिशचं युनिट, निर्यातीचं वेगळं टेबल. सगळे मिळून तेवीस मेलबॉक्स. जवळपास प्रत्येकाला तेच पाच-सहा नियम लागतात. जीएसटीची पत्रं एका फोल्डरात, सीएचए (कस्टमचं काम बघणारा एजंट) आणि शिपिंग लाइनची दुसऱ्यात, परदेशातली चौकशी निर्यातीच्या टेबलाकडे, उघडउघड स्पॅम बाजूला. सीपॅनेलच्या, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या वेब पॅनेलच्या, पडद्यावर हे करायचं तर मेलबॉक्स निवडा, नियमाला नाव द्या, अट निवडा, कृती निवडा, क्रिएट दाबा, मागे या आणि पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून सीएचए बदलला की तेवीस ठिकाणी फिरून दुरुस्ती. दहाव्या मेलबॉक्सनंतर कुठेतरी स्पेलिंग घसरणारच.

माझं म्हणणं एकच आहे: नियमांचा मूळ तक्ता आपल्याजवळ हवा आणि पॅनेलमध्ये त्याची फक्त प्रत. तक्त्यात एक ओळ बदलायची, स्क्रिप्ट चालवायची, विषय संपला. त्यासाठी सीपॅनेलचा यूएपीआय नावाचा प्रोग्रामिंग इंटरफेस पुरतो. जुने लेख वाचून एपीआय वन किंवा एपीआय टूच्या मागे लागू नका, सीपॅनेलनेच ते मोडीत काढलेत.

सुरुवातीला तुमच्या होस्टकडे, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर तुमची मेल आहे त्यांच्याकडे, खरंच सीपॅनेल आहे का ते बघा. लॉगिनच्या पत्त्यात २०८३ पोर्ट असेल तर सीपॅनेल. २२२२ दिसला तर बहुधा डायरेक्टअ‍ॅडमिन हे दुसरं पॅनेल, आणि मग पुढचं काही तसंच्या तसं चालणार नाही. दुसरी गोष्ट, मी फंक्शनची आणि पॅरामीटरची नावं इथे देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत आणि अंडरस्कोरसकट हवीत. फक्त मॉड्यूलच्या नावातला, म्हणजे ‘ईमेल’मधला पहिला ई मोठा.

टोकन

स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहायचा नाही. सीपॅनेलच्या सिक्युरिटी विभागात मॅनेज एपीआय टोकन्स आहे, तिथे नवीन टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी लांब सांकेतिक ओळ, करा. ते पडद्यावर एकदाच दिसतं, तेव्हाच कॉपी करून ठेवा. मुदत घालायची सोय आहे, ती वापरा. मी आर्थिक वर्षाच्या शेवटची तारीख टाकते, म्हणजे एप्रिलमध्ये नवं टोकन करणं आपोआप लक्षात राहतं. हे टोकन म्हणजे पूर्ण खात्याची किल्ली आहे. ज्याच्या हाती लागेल तो फिल्टरच काय, मेलबॉक्सही उडवू शकतो. त्यामुळे ते वेगळ्या फाइलमध्ये, फक्त स्वतःला वाचता येईल अशा परवानगीने ठेवायचं आणि गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या ठेवायच्या साधनात) चुकूनही ढकलायचं नाही.

विनंती पाठवताना ऑथरायझेशन हेडरमध्ये ‘सीपॅनेल’ हा शब्द, एक जागा, मग युजरनेम, कोलन आणि टोकन. पत्ता असा बनतो: सर्व्हरचं नाव, कोलन २०८३, मग /एक्झिक्यूट/ईमेल/ आणि शेवटी फंक्शनचं नाव. टोकन वापरलं की ब्राउझरमध्ये दिसणारा तो लांबलचक सेशनचा तुकडा पत्त्यात लागत नाही. सर्व्हरवर एसएसएच (दुरून कमांड द्यायची सोय) असेल तर तिथे ‘यूएपीआय’ ही कमांडही आहे, पण शेअर्ड होस्टिंगवर ती मिळेलच असं नाही. मी सगळं घरच्या लॅपटॉपवरून पायथनने करते.

आधी वाचून घ्या

पहिली विनंती लिस्ट_फिल्टर्सची. सोबत ‘अकाउंट’ पॅरामीटरमध्ये मेलबॉक्सचा पूर्ण पत्ता द्यायचा. उत्तर जेसनमध्ये, म्हणजे नाव-मूल्य अशा जोड्यांच्या मजकुरात, येतं: प्रत्येक नियमाचं नाव, तो चालू आहे की बंद, अटी आणि कृती. सगळ्या मेलबॉक्सचं हे उत्तर तारीख घातलेल्या फोल्डरात जसंच्या तसं उतरवून ठेवा. हाच तुमचा बॅकअप. उत्तरात स्टेटस नावाची चावी असते. १ म्हणजे झालं, ० म्हणजे नाही झालं. नुसता एचटीटीपीचा २०० बघून खूश होऊ नका, काम फसलं तरी तो २०० येऊ शकतो. स्टेटस बघा, आणि ० असेल तर एरर्समधला मजकूर छापून स्क्रिप्ट तिथेच थांबवा.

आता एक नियम हाताने, पॅनेलच्या पडद्यावरून तयार करा. हो, हातानेच. ‘या फोल्डरात ठेवा’ अशी कृती द्या, फोल्डर पडद्यावरून निवडा आणि मग गेट_फिल्टरने तोच नियम वाचा. फोल्डरचा मार्ग तुमच्या सर्व्हरवर नेमका कसा लिहिला जातो ते उत्तरात कृतीच्या ‘डेस्ट’ (ठिकाण) या चावीत तयार मिळेल. तो नमुना उचलायचा आणि तक्त्यात वापरायचा. अंदाजाने मार्ग लिहिण्यापेक्षा हे बरं.

नियमाची रचना

नियम करणारं फंक्शन स्टोअर_फिल्टर. त्याला लागतात: फिल्टरनेम, अकाउंट, आणि मग आकडे लावलेल्या जोड्या. पार्ट१ म्हणजे मेलचा कुठला भाग बघायचा, मॅच१ म्हणजे कसा बघायचा, व्हॅल१ म्हणजे काय शोधायचं. अ‍ॅक्शन१ आणि डेस्ट१ म्हणजे सापडल्यावर काय करायचं. दुसरी अट असेल तर पार्ट२, मॅच२, व्हॅल२, आणि दोन्हींना जोडायला ऑप्ट१ मध्ये ‘अँड’ किंवा ‘ऑर’.

अकाउंट विसरलात तर फंक्शन तक्रार करणार नाही. ते नियम पूर्ण खात्यासाठी लावून मोकळं होतं, आणि खात्याचे नियम मेलबॉक्सच्या नियमांआधी चालतात. म्हणजे एका कारकुनासाठी केलेला ‘हे फेकून द्या’ हा नियम मालकांच्या मेललाही लागणार. स्क्रिप्टमध्ये पहिली तपासणी हीच घाला: अकाउंटमध्ये @ नसेल तर पुढे जायचंच नाही. खात्यासाठीचा नियम खरोखर हवा असेल तर त्याची वेगळी कमांड ठेवा.

त्याच नावाचा नियम आधीपासून असेल तर नवा त्याच्या जागी बसतो. आपल्याला हेच हवंय, कारण त्यामुळे स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी नियमांची संख्या वाढत नाही. नाव बदलायचं असेल तर ओल्डफिल्टरनेम द्यायचं.

पार्टमधली मूल्यं थोडी विचित्र दिसतात. पाठवणाऱ्यासाठी $हेडर_फ्रॉम: आणि विषयासाठी $हेडर_सब्जेक्ट:, शेवटच्या कोलनसकट. हे सीपॅनेलचं नाही, खाली मेल वाहणाऱ्या एक्झिमचं व्याकरण आहे. एक्झिम हा १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझेल यांनी लिहिलेला मेल सर्व्हर. हेडरचं नाव कुठे संपलं हे त्याला त्या कोलनवरून कळतं. पॅनेल तुमचे नियम एका यामल फाइलमध्ये (साध्या मजकुराच्या मांडणीत) ठेवतं आणि त्यावरून एक्झिमची फिल्टर फाइल बनवतं. ती फिल्टर फाइल हाताने सुधारू नका, पुढचा नियम साठवताच तुमची सुधारणा पुसली जाते.

आता त्या डॉलरकडे नीट बघा. टर्मिनलमध्ये कर्लने (वेबला विनंती पाठवणाऱ्या कमांडने) प्रयोग करताना दुहेरी अवतरणात $हेडर_फ्रॉम: लिहिलंत, तर शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा प्रोग्राम, जसा बॅश) त्याला स्वतःचा व्हेरिएबल समजून गिळून टाकतं आणि सर्व्हरकडे पोचतो फक्त एक कोलन. एकेरी अवतरण वापरा, आणि कर्लला डेटा-यूआरएलएनकोड हा पर्याय द्या. पायथनमध्ये रिक्वेस्ट्स लायब्ररीला डिक्शनरी दिली की एन्कोडिंग (खास चिन्हं सुरक्षित रूपात बदलणं) ती बघते, म्हणून मी बॅशच्या नादाला लागत नाही.

एन्कोडिंगचा खरा फटका बसतो तो स्पॅमच्या नियमात. स्पॅमअसॅसिन मेलला गुण देतो आणि एक्स-स्पॅम-बार या हेडरमध्ये जितके गुण तितकी अधिक चिन्हं येतात. पाच गुणांवरच्या मेलसाठी अट सोपी आहे: त्या हेडरमध्ये +++++ आहे का. पण वेबच्या पत्त्यात + म्हणजे जागा! एन्कोड न करता पाठवलंत तर नियमात पाच रिकाम्या जागा जाऊन बसतात. स्टेटस १ येतं, नियम यादीत दिसतो, आणि स्पॅम आपला इनबॉक्समध्ये येतच राहतो. म्हणून साठवल्यावर लगेच गेट_फिल्टरने परत वाचा आणि व्हॅल१ तुम्ही पाठवलेल्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. ही तपासणी स्क्रिप्टच्या आतच हवी, तुमच्या डोळ्यांवर सोडू नका. आणि या नियमात ‘मॅचेस’ वापरू नका. ते रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायच्या नमुन्याची सांकेतिक भाषा) आहे आणि तिथे + चा अर्थच वेगळा. ‘कंटेन्स’ पुरे.

जीएसटीचा नियम, सावकाशीने

जीएसटीची मेल @जीएसटी.गव्ह.इन वरून येते. पटकन सुचतं ते ‘एंड्स’, म्हणजे पत्त्याचा शेवट बघायचा. ते चालत नाही. फ्रॉम हेडरमध्ये नुसता पत्ता नसतो. आधी पाठवणाऱ्याचं नाव, मग कोनी कंसात पत्ता, त्यामुळे हेडर > ने संपतं. ‘कंटेन्स’ घेतलं तर काम होतं, पण मग @जीएसटी.गव्ह.इन च्या पुढे आणखी काही जोडून बनवलेलं नकली डोमेनही त्यात बसतं. मी दोन अटी ठेवते: एक कंटेन्स, शेवटी > लावून, दुसरी एंड्स, > शिवाय, नाव नसलेल्या मेलसाठी. मध्ये ऑर. तरीही फ्रॉम हेडर कुणीही खोटं लिहू शकतो, हे पेढीतल्या लोकांना सांगून ठेवलंय. फोल्डरात आली म्हणजे मेल खरी, असं नाही. ११ आणि २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी या विवरणपत्रांच्या गडबडीत, खोट्या मेलना लोक हमखास फसतात.

अँड आणि ऑर एकाच नियमात मिसळू नका. एक्झिममध्ये अँड घट्ट बांधतो. ‘जीएसटीची किंवा इन्कमटॅक्सची, आणि विषयात नोटीस’ असं मनात धरून अटी ओळीने लिहिल्यात, तर त्याचा अर्थ होतो ‘जीएसटीची कुठलीही, किंवा इन्कमटॅक्सची नोटीस असलेली’. दोन वेगळे नियम करा. तक्त्यात एक ओळ वाढेल, वाढू दे.

विषयात ‘हळद’ असेल तर

आमच्याकडे अडते आणि वसमत-हिंगोलीकडचे पुरवठादार विषय मराठीत लिहितात. ‘राजापुरी हळद, नवीन आवक’ असा. मेलमधून जाताना विषय संकेतबद्ध होऊन जातो, पण $हेडर_सब्जेक्ट: वाचताना एक्झिम तो उलगडतो. त्यामुळे विषयात ‘हळद’ शोधणं जमतं. इंग्रजी शब्दांना लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, टर्मरिक कसंही लिहा.

मजकुराचं मात्र तसं नाही. $मेसेज_बॉडी मध्ये एक्झिम मेलचा मजकूर उलगडत नाही, आणि पूर्णही बघत नाही. एक्झिमची मूळ मर्यादा पहिल्या ५०० अक्षरांची आहे, सर्व्हरवाल्याने वाढवली असेल तर जास्त. मराठी मजकूर बहुतेक वेळा बेस६४ या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या संकेतात गुंडाळून येतो, तिथे ‘हळद’ हे शब्दरूप अस्तित्वातच नसतं. म्हणून मजकुरातल्या मराठी शब्दावर नियम बांधू नका. पाठवणारा, विषय, किंवा कुणाकुणाला पाठवली आहे ती यादी, यांवर बांधा.

कृती

सेव्ह म्हणजे फोल्डरात ठेवणं. डिलिव्हर म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं. फिनिश म्हणजे पुढचे नियम न बघता थांबणं. फेल म्हणजे पाठवणाऱ्याला निरोप देऊन परत करणं. फेकून द्यायचं असेल तर सेव्ह, आणि ठिकाण /डेव्ह/नल. शेवटचा मी कुणाच्याही मेलबॉक्सला लावत नाही. स्पॅमसाठी फोल्डर आहे, एखादी खरी ऑर्डर तिथे सापडू तरी शकते. फेल तर स्पॅमला कधीच नको. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो, तुमचा निरोप भलत्याच माणसाच्या डोक्यावर जाऊन पडतो आणि सर्व्हर बदनाम होतो.

डिलिव्हर दिलं की मेल तिकडे जाते, इकडे राहत नाही. निर्यातीच्या टेबलाला प्रत हवी आणि मूळ मेलही जागेवर हवी असेल तर दोन कृती द्या: अ‍ॅक्शन१ डिलिव्हर, अ‍ॅक्शन२ सेव्ह आणि ठिकाण त्या मेलबॉक्सचा स्वतःचा इनबॉक्स. बाहेरच्या जीमेलकडे वळवणं शक्यतो टाळा, कारण पुढे ढकललेली मेल एसपीएफच्या (हा सर्व्हर त्या डोमेनची मेल पाठवू शकतो का, या) तपासणीत अडकते. मालकांना जीमेलच हवं असेल तर त्यांच्या फोनवर तुमचा मेलबॉक्स आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीने) जोडून द्या.

आणि आयमॅपचा विषय निघालाच आहे तर फोल्डरचे नियम लावण्याआधी प्रत्येक टेबलावर जाऊन बघा, कोण पॉप३ या मेल उतरवून घ्यायच्या जुन्या पद्धतीवर आहे. पॉप३ फक्त इनबॉक्स उचलतो. तुमचा नियम बरोबर, फोल्डर बरोबर, मेल सर्व्हरवर व्यवस्थित बसलेली, आणि गादीवरून फोन: “ताई, बीएलची मेल कुठं गावंना झालीया, बघा की जरा.” (बीएल म्हणजे बिल ऑफ लॅडिंग, जहाजावर माल चढल्याची पावती.) जुन्या आउटलुकवाल्या दोघांना मी आयमॅपवर आणलं, मगच त्यांचे नियम चालू केले. आयमॅपवरही नवीन फोल्डर सबस्क्राइब करावं लागतं, नाहीतर काही अ‍ॅपमध्ये ते दिसत नाही. फोनची घंटी बहुतेक अ‍ॅपमध्ये फक्त इनबॉक्ससाठी वाजते, त्यामुळे तातडीची मेल फोल्डरात टाकायची की नाही, हे ज्याचं काम आहे त्यालाच विचारा.

तक्ता आणि स्क्रिप्ट

माझा तक्ता साधा सीएसव्ही आहे, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने पाडलेली फाइल. रकाने: मेलबॉक्स, नियमाचं नाव, क्रम, भाग, जुळणी, मूल्य, जोड, कृती, ठिकाण. एका नियमाला दोन अटी असतील तर दोन ओळी, नाव तेच. स्क्रिप्ट मेलबॉक्स आणि नाव यांवरून ओळी एकत्र करते, आकडे लावते आणि स्टोअर_फिल्टरला पाठवते. एकामागून एक, समांतर नाही.

नावांना एक उपसर्ग ठेवा. माझ्या सगळ्या नियमांची नावं ‘पेढी-’ ने सुरू होतात. लोक वेबमेलमधून स्वतःचे फिल्टरही करतात, आणि तक्त्यात नाही म्हणून स्क्रिप्टने ते उडवले तर भांडण ठरलेलं. उपसर्ग असलेलेच नियम आपले. तक्त्यातून गेलेले असतील तर डिलीट_फिल्टर, बाकीच्यांना हात लावायचा नाही. आणि स्क्रिप्टला एक कोरडी फेरी असू द्या, काय बदलणार ते फक्त छापणारी. ती आधी, खरी नंतर.

क्रम महत्त्वाचा आहे, कारण नियम यादीतल्या क्रमाने चालतात आणि मध्ये फिनिश आला की पुढचे उपाशी. सगळे साठवून झाले की शेवटी रीऑर्डर_फिल्टर्सने यादी हवी तशी लावा. माझ्याकडे ओळखीचे पाठवणारे वर, स्पॅम सगळ्यात खाली. उलटं केलं तर शिपिंग लाइनचं एखादं जाहिरातीसारखं दिसणारं पत्र स्पॅममध्ये जाऊन बसेल, आणि कंटेनर बंदरात उभा राहिला की दिवसाचं भाडं चढत जातं.

तपासायला ट्रेस_फिल्टर आहे. त्याला अकाउंट आणि नमुन्याची मेल, हेडरसकट, द्यायची. कुठला नियम लागला आणि काय झालं असतं ते सांगतो, खरी मेल कुठे जात नाही. जुन्या खऱ्या मेलचे हेडर उतरवून मी पाच-सहा नमुने ठेवलेत: एक जीएसटीची, एक बीएलची, एक मराठी विषयाची, एक नकली जीएसटीची, एक स्पॅम. बदल झाला की सगळे नमुने फिरवायचे.

नवीन हळदीची आवक साधारण फेब्रुवारीत सुरू होते आणि उन्हाळाभर चालते. त्या काळात सौद्यांची चौकशी करणाऱ्या मेलसाठी दोन मेलबॉक्सना एक जास्तीचा नियम लागतो. तो मी काढून टाकत नाही. तक्त्यात ‘चालू’ नावाचा आणखी एक रकाना आहे. त्यात हो असेल तर स्क्रिप्ट इनेबल_फिल्टरला हाक मारते, नाही असेल तर डिसेबल_फिल्टरला. पाऊस सुरू झाला की हो चं नाही करायचं, आणि स्क्रिप्ट एकदा चालवायची.